ब्लॅक अँड व्हाइट २ : युद्ध न करता जिंकण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना एकही शहर तलवारीने न घेता ब्लॅक अँड व्हाइट २ पूर्ण करायचा आहे, त्यांच्यासाठी हे पान. गेममध्ये हा मार्ग पूर्णपणे खुला आहे, तरी बरेच जण तो अर्ध्यावर सोडतात. सुंदर शहर बांधतात, मग एका लढाईत ते जळतं आणि "शांततेने काही होत नाही" असं म्हणून फौजा काढतात. शहर सुंदर असणं आणि शहर टिकणं ही दोन्ही कामं पहिल्या तासापासून बरोबरीने करावी लागतात. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

हा नेमका कोणता गेम?

इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या लायनहेड स्टुडिओजने बनवलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ऑक्टोबर २००५मध्ये विंडोजसाठी आणलेला गेम. मॅकवर तो २००९मध्ये आला. पहिला ब्लॅक अँड व्हाइट २००१चा. दोन्हींमागे पीटर मॉलिन्यू. १९८९मध्ये 'पॉप्युलस' करून देव होऊन खेळायच्या खेळांची वाट ज्यांनी पाडली, तेच हे.

तुम्ही देव आहात. पडद्यावर तुमचं रूप म्हणजे फक्त एक हात. अझ्टेक सैन्याने ग्रीकांचा पाडाव केला आहे, वाचलेले मूठभर लोक तुमच्या भरवशावर आहेत आणि त्यांना घेऊन एकेका भूमीवर नव्याने नगर वसवायचं आहे. वाटेत नॉर्स, जपानी आणि शेवटी पुन्हा अझ्टेक भेटतात. सोबत एक अवाढव्य प्राणी असतो, त्याला सगळे क्रीचरच म्हणतात. कानाशी दोन सल्लागार बोलत असतात, एक भला आणि एक दुष्ट. दुष्टाचा सल्ला बहुतेक वेळा एकच असतो : चला, हल्ला करू.

एकही शहर न जिंकता गेम खरंच संपतो का?

हो. तुमच्या शहराला इम्प्रेसिव्हनेसचा एक आकडा असतो. शहर किती देखणं आहे, किती नांदतं आहे, याचं ते मोजमाप. शत्रूच्या प्रत्येक गावाला किंवा शहरालाही एक आकडा असतो. तुमचा आकडा त्याच्या पुढे गेला की तिथले लोक आपलं गाव सोडून तुमच्याकडे राहायला येऊ लागतात. शेवटी ते गाव तुमचं होतं आणि भूमी जिंकल्यावर पुढच्या भूमीचा रस्ता उघडतो.

पहिल्यांदा हे घडतं तेव्हा हातातलं काम थांबवून कॅमेरा खाली न्या. खिंडीतून माणसांची रांग येताना दिसेल. पुरुष, बायका, मुलं शत्रूच्या हद्दीतून चालत येतात, तुमच्या दरवाजातून आत शिरतात आणि घर शोधू लागतात. कुणीही त्यांना ओढून आणलेलं नसतं. या गेममधलं सर्वांत मोठं यश माझ्या मते हेच आहे. लढाई जिंकल्यावर जळकी घरं हाती येतात, इथे तुमचं शहर आणखी भरतं.

म्हणजे हा सोपा मार्ग झाला?

नाही. तुम्ही शांततावादी आहात हे शत्रूच्या सेनापतीला माहीत नसतं. तो ठरल्याप्रमाणे पलटणी पाठवत राहतो, आणि तुमचं शहर जितकं मोठं होतं तितक्या त्या मोठ्या होतात. हल्ला करणाऱ्याला एखादी चढाई फसली तरी चालतं. तुमचं तसं नाही, कारण एक भिंत पडली तर घरं, बागा, कारंजी आणि माणसं एकाच वेळी जातात, आणि त्यांच्याबरोबर आकडाही घसरतो.

पण या मार्गाचा एक फायदा फार थोड्यांच्या लक्षात येतो. शत्रूचे सैनिक त्याच्या लोकसंख्येतूनच येतात. तुमच्या भिंतीखाली पडलेली प्रत्येक पलटण म्हणजे त्याच्या शेतांवरचे आणि खाणींवरचे तेवढे हात कमी. उरलेल्यांतले काही तुमच्याकडे राहायला येतात. दोन्हीकडून त्याचं शहर पोकळ होत जातं. चिवट बचाव आणि देखणं शहर ही दोन शस्त्रं एकत्र चालवली तर चढाईची गरजच पडत नाही.

नव्या भूमीवर पहिलं काय बांधायचं?

कोठार, थोडी घरं, एक शेत आणि लगेच रस्ते. सौंदर्य नंतर. सुरुवातीला माणसं कमी असतात, त्यांचं अर्धं आयुष्य चालण्यात जातं. म्हणून शेत, झाडी आणि खाण यांच्यामध्ये कुठेतरी कोठार ठेवा आणि त्याच्याभोवती नगर वाढू द्या.

एक सवय लावून घ्या : पहिली इमारत ठेवण्याआधी सगळ्या भूमीवरून एक फेरी मारा. शत्रू कुठे आहे, त्याच्याकडून तुमच्याकडे किती वाटा येतात, खिंड कुठे अरुंद आहे, कडा कुठे सरळ तुटलेला आहे, हे पाहून ठेवा. तुमची भिंत कुठे येणार हे आताच ठरवा आणि तेवढी जागा मोकळी सोडा. घरं पसरल्यावर भिंतीला जागा शोधणारे शेवटी घरं पाडतात किंवा नगराचा अर्धा भाग उघडा ठेवतात.

इम्प्रेसिव्हनेस कशाने वाढतो?

इमारतींनी, पण नुसत्या संख्येने नाही. शंभर छोटी घरं एका ओळीत उभी केली तर माणसं मावतील, पाहुणा थांबणार नाही. व्हिला, मॅन्शन अशी मोठी घरं, देवळं, स्नानगृहं, विद्यापीठ, अॅम्फीथिएटर, कारंजी, बागा, पुतळे, झाडं, फुलं या सगळ्यांनी आकडा वाढतो. इमारत ठेवण्यापूर्वी तिचं नाव आणि तिच्याशी जोडलेले आकडे दाखवले जातात, ते वाचायची सवय ठेवा.

माझी पद्धत वस्त्यांची आहे. मध्ये एक चौक, चौकात कारंजं, चारी बाजूंना चांगली घरं, घरांच्या मागे बाग, आणि दोन-तीन वस्त्यांना मिळून एक देऊळ किंवा स्नानगृह. लाकूड कापायची गिरणी, धातू वितळवायची भट्टी, शस्त्रागार, स्मशानभूमी हे सगळं वेगळ्या कोपऱ्यात, घरांपासून लांब. असं नगर बघायलाही बरं वाटतं आणि काय कमी पडतंय ते नजरेनेच कळतं. कुठल्या वस्तीला बाग नाही, कुठल्या चौकात पाणी नाही, हे वरून एका दृष्टिक्षेपात दिसतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या मागण्यांची. घर हवं, अन्न हवं, करमणूक हवी, हे ते सांगत असतात. लांबलेली मागणी म्हणजे नाराज वस्ती, आणि नाराज वस्तीत कितीही पुतळे उभे केले तरी ती चमकत नाही. पाळणाघर आणि वृद्धांसाठीचं घर या दोन इमारती बरेच जण कमी महत्त्वाच्या समजून टाळतात. त्या बांधा.

छळकोठ्या आणि माणसांना भीती घालणाऱ्या इमारती गेममध्ये आहेत, पण त्यांचा हिशेब दुष्टपणाच्या खात्यात जातो. या मार्गावर त्यांना हातही लावू नका.

ओअर म्हणजे खनिज सारखं संपतं. काय करावं?

भिंतींना खनिज लागतं आणि मोठ्या इमारतींनाही, त्यामुळे ही तक्रार सगळ्यांचीच असते. दोन उपाय. पहिला, तुमचा स्वतःचा हात वापरा. खाणीतून थेट हाताने खनिज उचलून कोठारात टाकता येतं. तसंच झाडं उपटून आणता येतात, शेतातलं धान्यही. चालू बांधकामावर लाकूड किंवा खनिज सरळ टाकलं तर काम कितीतरी लवकर पुढे सरकतं.

दुसरा, डिसायपल नेमा. माणूस उचलून खाणीजवळ ठेवला की तो खाणकामगार होतो, शेताजवळ ठेवला की शेतकरी, झाडांजवळ लाकूडतोड्या, बांधकामाजवळ गवंडी. ते मग सांगावं न लागता तेच काम करत राहतात. पण सगळ्यांनाच नेमून टाकू नका. नेमलेला माणूस गावाची दुसरी गरज भागवायला जात नाही आणि अचानक आग लागली, घर पडलं, तर मोकळे हात उरत नाहीत. थोडे नेमलेले आणि बरेच मोकळे, हे प्रमाण चांगलं.

भिंत कधी बांधायची?

पहिल्या दहा-बारा घरांनंतर, पहिल्या कारंज्याच्या आधी. शत्रूची पहिली पलटण दिसल्यावर भिंत घालायला बसलात तर गवंडी उघड्यावर सापडतात.

आणि कुठे?

यावर सविस्तर लिहितो, कारण शांततेचा सगळा डाव इथेच बनतो किंवा बिघडतो.

तुमचा हात फक्त तुमच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे शहराभोवतीच्या वर्तुळात चालतो. त्या वर्तुळाबाहेर तुम्ही काही उचलू शकत नाही, फेकू शकत नाही. म्हणून भिंत वर्तुळाच्या अगदी कडेला घालण्याचा मोह टाळा. ती आतल्या बाजूला घ्या, म्हणजे भिंतीबाहेर थोडी जमीन तुमच्या प्रभावाखाली उरेल. शत्रू भिंतीपाशी येऊन थांबेल तेव्हा तो तुमच्या हाताच्या टप्प्यात असेल. भिंत आणि वर्तुळाची कड यांच्यामधला हा पट्टा म्हणजे तुमचं खरं रणांगण.

या पट्ट्यात काय होतं ते एकदा जवळून पाहा. आधी निशाण दिसतं, मग त्यामागे माणसं. पलटण खिंडीतून उतरते आणि सरळ भिंतीकडे येते. वर उभे असलेले धनुर्धारी ती टप्प्यात येताच बाण सोडू लागतात. तुमच्या हातात आधीच एक मोठा खडक असतो, भिंतीच्या आत अशाच वेळेसाठी जमवलेल्या ढिगातला. पलटण दाटीने पुढे सरकत असताना तो खडक उताराच्या वरच्या बाजूने सोडला की तो गडगडत अख्ख्या रांगेतून जातो. बाकीच्यांचं काम बाण करतात. ना एक माणूस दरवाजाबाहेर गेला, ना मिरॅकल म्हणजे देवाचा चमत्कार खर्ची पडला.

डोंगर आणि कडे यांचा उपयोग करा. सह्याद्रीतल्या गडांवर जिथे तुटलेला कडा आहे तिथे तटबंदीवर फारसा खर्च केलेला दिसत नाही, सगळी ताकद दरवाजा आणि सोप्या चढणीकडे लावलेली असते. इथेही तसंच करा. भिंतीची दोन्ही टोकं डोंगराला नीट भिडवा. टोक आणि कडा यांच्यात फट राहिली असेल तर शत्रू ती शोधून काढतो, म्हणून भिंत पूर्ण झाल्यावर कॅमेरा खाली नेऊन दोन्ही टोकं स्वतः तपासा.

शेतं आणि खाण भिंतीबाहेर राहत असतील तर ती तशीच राहू द्या. सगळं आत घ्यायच्या नादात भिंत इतकी लांब होते की तिच्यावर ठेवायला धनुर्धारी पुरत नाहीत. पिकं पुन्हा येतात.

दरवाजे किती ठेवावेत?

एक पुरतो. शेतं बाहेर असतील तर दोन. तुमची माणसं आणि स्थलांतरित त्यातूनच येणार-जाणार, म्हणून दरवाजा त्यांच्या वाटेवर ठेवा, पण शत्रूच्या रस्त्याच्या अगदी समोर नको. त्याला भिंतीच्या कडेने थोडं चालत यायला लागलं पाहिजे, म्हणजे तेवढा वेळ तो बाणांखाली राहतो.

सैन्य अजिबात ठेवायचं नाही का?

ठेवायचं, पण फक्त धनुर्धारी आणि तेही भिंतीवर. तलवारवाल्यांना दरवाजाबाहेर जाऊनच लढावं लागतं आणि तिथे तुमची माणसं मरतात. मेलेला सैनिक हा तुमचाच शेतकरी किंवा गवंडी असतो. पलटणीला अन्नही लागतं. म्हणून सुरुवातीला धनुर्धाऱ्यांची एक मध्यम पलटण, नंतर दुसरी. दोन्ही भिंतीवर चढवा आणि तिथेच राहू द्या. मारा करत राहिल्याने त्यांचा अनुभव वाढतो आणि थोडी पण मुरलेली पलटण पुष्कळ नवख्यांपेक्षा जास्त कामाची ठरते.

कॅटपल्ट आले की भिंत पडतेच. उपाय?

पलटणीकडे दुर्लक्ष करून सगळं लक्ष कॅटपल्टवर, म्हणजे लांबून दगड फेकणाऱ्या यंत्रावर द्या. साध्या सैनिकांना भिंत फोडायला वेळ लागतो, कॅटपल्टला नाही. तो लांबून मारा करतो, पण वर सांगितल्याप्रमाणे भिंतीबाहेर पट्टा सोडला असेल तर बहुतेक वेळा तो तुमच्या प्रभावक्षेत्रात येऊनच थांबतो. खडक, आग किंवा वीज, जे हाताशी असेल ते आधी त्याच्यावर. तो प्रभावक्षेत्राबाहेर थांबत असेल तर त्या दिशेला एखादी इमारत बांधून वर्तुळ पुढे सरकवा, भिंत आहे तिथेच ठेवा. क्रीचरला धाडणं हा शेवटचा पर्याय.

भिंतीला भगदाड पडलं तर लढाई संपायची वाट न पाहता तिथे खनिज टाका.

कोणता क्रीचर निवडावा?

माकड, गाय, सिंह आणि लांडगा असे चार आहेत. बांधणी आणि बचावासाठी मी गाय किंवा माकड घेतो. खरं सांगायचं तर चौघांनाही सगळं शिकवता येतं, आणि फरक निवडीपेक्षा संगोपनाने पडतो. जो आवडतो तो घ्या, कारण त्याच्यासोबत फार वेळ घालवायचा आहे.

क्रीचरला काय शिकवायचं, आणि कसं?

काही करण्यापूर्वी किंवा केल्यावर त्याच्या डोक्यावर त्याचा विचार शब्दांत उमटतो. त्या क्षणी त्याला कुरवाळलं तर ती गोष्ट तो जास्त करतो, चापट मारली तर कमी. किती कुरवाळलं, किती मारलं, हे पट्टीवर दिसतं. पट्टी शेवटच्या टोकापर्यंत नेल्याशिवाय धडा पक्का होत नाही, आणि अर्धवट धडे पुढे त्रास देतात.

पहिले दोन धडे चुकवू नका. एक, माणसं खायची नाहीत. भुकेला क्रीचर समोर दिसेल ते उचलतो. पहिल्यांदा माणसाकडे वळेल तेव्हाच कडक चापट द्या, मग लगेच त्याला धान्याच्या कोठारापाशी न्या आणि खाल्ल्यावर भरपूर कुरवाळा. नुसतं "हे नको" शिकवून भागत नाही, "त्याऐवजी हे" ही दाखवावं लागतं. दोन, आपल्या इमारती आणि झाडं उगाच फेकायची नाहीत.

कामाच्या भूमिका चार : गोळा करणारा, बांधणारा, करमणूक करणारा आणि सैनिक. शांततेच्या काळात मी त्याला बांधकामावर ठेवतो. शहर भरलं की करमणुकीवर, कारण चौकात नाचणारा क्रीचर लोकांचा मूड सुधारतो. खिंडीत निशाण दिसलं की सैनिक. लढाई आटोपली की आठवणीने परत बांधकामावर आणा. सैनिक म्हणून मोकळा राहिलेला क्रीचर शत्रूच्या मागे त्याच्या शहरापर्यंत जातो आणि तिथे जे करतो त्याची नोंद तुमच्या नावावर होते.

पाण्याचं आणि बरं करण्याचं मिरॅकल त्याला अवश्य शिकवा. जळणारं घर विझवणारा आणि जखमी धनुर्धाऱ्यांना बरं करणारा क्रीचर दहा पलटणींच्या तोडीचा असतो. आणि वागणूक त्याच्या अंगावरही दिसते : भला क्रीचर हळूहळू उजळत जातो, दुष्ट काळवंडतो आणि भेसूर होतो.

जाता जाता : पहिल्या भागातल्या क्रीचरच्या मेंदूची सगळीकडे चर्चा झाली, त्याच्या सुरुवातीच्या कामात तरुण डेमिस हसाबिस होते. त्यांनाच २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

मिरॅकलपैकी कोणती घ्यावीत?

पाणी, हीलिंग आणि शील्ड, या क्रमाने. पाणी आग विझवतं आणि पिकांनाही उपयोगी पडतं. शील्ड मारा होत असलेल्या भागावर घुमटासारखं पसरतं. ते भिंतीच्या फुटत आलेल्या तुकड्यावर टाका, सगळं शहर झाकायला जाऊ नका. त्यानंतर वीज. आग हाताळायला अवघड आहे, ती आपल्याकडेही पसरते. उल्का भव्य दिसते, पण बचावात तिची गरज पडत नाही.

मिरॅकलसाठी लागणारी माना वेदीवर प्रार्थना करणाऱ्या लोकांकडून येते. वेदीवर माणसांचा बळी देऊनही माना मिळते. तो रस्ता आपला नाही.

मी हल्ला केला नाही, तरी माझं शहर दुष्टपणाकडे का झुकतंय?

बहुधा या तीनपैकी एक कारण असतं. क्रीचर तुमच्या नकळत माणसं खातोय. आग किंवा खडक टाकताना तुमचीच माणसं मधे येताहेत. किंवा "बघू तरी काय होतं" म्हणून एखादी क्रूर इमारत बांधली आहे. इमारत पाडा, क्रीचरवर लक्ष ठेवा, काही काळ लोकांच्या मागण्या भरभरून पुरवा. झुकाव परत फिरतो, थोडा वेळ द्यावा लागतो.

स्थलांतरित येतात, पण मग शहरच बिघडतं. असं का?

घरं नसतात म्हणून. एका फटक्यात मोठी रांग आली की घर नसलेली माणसं, कमी पडणारं अन्न आणि वाढलेल्या मागण्या एकदम अंगावर येतात. आकडा खाली येतो आणि स्थलांतर थांबतं. शत्रूच्या शहराच्या आकड्यापर्यंत पोहोचायच्या आधीच रिकाम्या घरांची एक पूर्ण वस्ती तयार ठेवा, जवळ एक जादा शेत ठेवा. पाहुण्यांची सोय आधी, आमंत्रण नंतर.

ट्रिब्यूट कशावर खर्च करावा?

उद्दिष्टं पूर्ण केल्यावर आणि चंदेरी स्क्रोलमधली छोटी आव्हानं सोडवल्यावर ट्रिब्यूट मिळतो. नव्या इमारती, मिरॅकल, क्रीचरची कौशल्यं आणि वंडर म्हणजे प्रचंड शक्तीच्या खास इमारती याच पैशातून सुटतात. सुरुवातीचा ट्रिब्यूट सगळ्यात आधी भिंतीच्या आणि धनुर्धाऱ्यांच्या सोयीवर, मग पाण्याच्या मिरॅकलवर, त्यानंतर चांगल्या घरांवर. सोनेरी स्क्रोल गोष्ट पुढे नेतात, म्हणून शहर तयार नसेल तर ते घाईने उघडू नका. चंदेरी मात्र एकही सोडू नका.

वंडर बांधावं का?

सायरन, हरिकेन, भूकंप आणि ज्वालामुखी असे चार प्रकार आहेत. आपल्या मार्गाला साजेसं एकच, सायरन, म्हणजे ग्रीक कथांमधली गाण्याने भुलवणारी मोहिनी. ती शत्रूच्या माणसांना भुलवून तुमच्या बाजूला आणते, मारत नाही. पण वंडर फार महाग असतं आणि चार्ज व्हायला वेळ घेतं. शहर भक्कम झाल्यावर, शेवटच्या भूमींवर त्याचा विचार करा. उरलेली तिन्ही वंडर मी या पद्धतीच्या खेळात कधी बांधत नाही.

नॉर्स, जपानी आणि अझ्टेक यांच्याविरुद्ध डाव बदलावा लागतो का?

फार नाही. नॉर्सच्या भूमीवर सवयी लावून घ्या : आधी पाहणी, मग भिंत, मग धनुर्धारी. जपानी शहरं देखणी असतात, त्यांच्या आकड्यापुढे जायला बराच वेळ लागतो, म्हणून तिथे मोठ्या घरांच्या वस्त्यांवर जोर द्या. अझ्टेकांविरुद्ध बचाव जवळजवळ अखंड करावा लागतो. तिथे भिंतीमागे काही अंतरावर दुसरी भिंत घाला. पहिली फुटली तरी शत्रू दोन भिंतींच्या मधल्या जागेत अडकतो, आणि ती सगळी जागा तुमच्या हाताखाली असते.

बॅटल ऑफ द गॉड्समध्येही हे चालतं का?

हे २००६चं एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडलेला पुढचा भाग. त्यात अझ्टेकांनाही त्यांचा देव मिळतो, म्हणजे समोरूनही मिरॅकल येतात. मूळ गेममध्ये देव तुम्ही एकटेच असता. डाव तोच, फक्त शील्ड आणि पाण्याचं मोल दुप्पट होतं. आणखी एक, घरं एकमेकांना खेटून बांधू नका, म्हणजे एका आगीत सगळी वस्ती जाणार नाही.

आज हा गेम मिळतो का? नव्या विंडोजवर चालतो का?

स्टीम किंवा गॉग या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांवर तो विक्रीला आलेला नाही, जुनी डिस्कच शोधावी लागते. लायनहेड २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली आणि २०१६मध्ये बंद झाली, त्यामुळे अधिकृत मदतही उरलेली नाही. डिस्कवरच्या जुन्या कॉपी-प्रोटेक्शनमुळे विंडोज १०पासून पुढे अडचण येते. सर्वांत बिनत्रासाचा उपाय म्हणजे जुनं विंडोज असलेला जुना कॉम्प्युटर. १.२चा पॅच टाका. आणि वरचेवर सेव्ह करा, विशेषतः लढाईच्या आधी आणि मोठी रांग येण्याच्या आधी, वेगवेगळ्या नावांनी.

इंग्रजी फारसं येत नाही. चालेल का?

चालेल. सल्लागारांचं बोलणं कळलं तर मजा वाढते, पण भिंत, घर, शेत, क्रीचर सगळं चित्रांवरून कळतं. क्रीचरचे विचार मात्र वाचावे लागतात. त्यातली वाक्यं छोटी आणि ठरावीक असतात, थोड्या वेळात ओळखीची होतात.

सगळं केलं, तरी शत्रूचं शेवटचं शहर रिकामं होत नाही. काय राहिलं असेल?

आधी त्या शहरावर जाऊन त्याचा सध्याचा आकडा वाचा. शत्रूही बांधत असतो, त्याचा आकडा मागच्या वेळी पाहिला होता तोच असेल असं धरून बसू नका. मग स्वतःचं शहर वरून पाहा. बहुतेक वेळा एखादी वस्ती तशीच राहिलेली असते : सुरुवातीच्या घाईत बांधलेली, भिंतीला लागून, बाग नाही, पाणी नाही. नवं काही उभारण्याआधी ती सुधारा. छोटी घरं एकेक करून पाडा आणि त्या जागी व्हिला बांधा. एकदम सगळी पाडू नका, नाहीतर तिथले लोक उघड्यावर येतील.

तरीही आकडा कमीच पडत असेल तर सैन्याकडे पाहा. शत्रूच्या चढाया थांबल्या असतील तर एक पलटण मोडा आणि ती माणसं पुन्हा बांधकामाला लावा. दुसरी भिंतीवर राहू द्या. देवळं आणि विद्यापीठ झाली नसतील तर ती बांधा, मोकळ्या कोपऱ्यांत झाडं लावा, क्रीचरला करमणुकीवर ठेवा. मग रिकाम्या घरांची नवी वस्ती तयार आहे का ते बघा, दरवाजापासून तिच्यापर्यंत रस्ता घाला, आणि खिंडीकडे लक्ष ठेवा.